विरूपाक्षच्या डाव्या पायाचा बूट

मी बूट बोलतोय. उदगीरच्या विरूपाक्षच्या डाव्या पायातला. विरूपाक्ष उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. पळत येऊन त्यानं उडी मारली, की त्याचा सगळा भार माझ्यावर आदळायचा. त्या क्षणाची मला जन्मभर धास्ती वाटली. त्याला मात्र वाटायची ती चेंडू हातातून सुटल्यानंतरच्या क्षणाची.

मला उदगीरच्या मलप्पानं शिवलं. जाड पांढरं कातडं आणि तळाला जुन्या टायरचं रबर. देताना तो म्हणाला, "जमीन लई टणक हाय औंदा. जपून टाक पाय."

ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. नांदेडला सामना होता. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, तिथं मैदानावर कोण शिंपडणार? भेगाळलेल्या मुरमावरच खेळपट्टी म्हणून मॅट ताणून ठोकली होती.

समोर खेळायला नांदेडचे हणमंतराव होते. शाळेत मास्तर, डोक्यावर साधी कापडी टोपी. विरूपाक्षचा चेंडू तसा फार आखूड नव्हता, पण नेमका मॅटखालच्या भेगेवर पडला आणि अंगावर उसळला. त्यांच्या कानापाशी लागला. मास्तर आधी गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले. कानातून रक्त आलं.

त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. विरूपाक्ष होता तिथंच उभा राहिला. माझ्या आत त्याची बोटं आखडून गेली होती.

घरी त्याला घास गिळेना. दारात कुणी सायकलवरून उतरलं तरी, मास्तरची वाईट बातमी आली की काय म्हणून तो दचकायचा. त्याच्या आईनं, शरणम्मानं, सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि लेकासाठी काही मागितलं नाही. "त्या मास्तरला उठव," एवढंच म्हणाली.

मास्तर उठले. डाव्या कानानं ऐकू येणं मात्र कायमचं गेलं.

आणि काय सांगावं, सामना बघायला आलेल्या माणसाकडून तोच चेंडू कळून पुण्याच्या एका कारखान्यानं विरूपाक्षला आपल्या संघात घेतलं. पगार गोलंदाजीचाच. आता चेंडू टाकणं हेच त्याचं पोट झालं. मला खिळे बसले, तळ बदलला. त्याला नवे बूट मिळाले, तरी सामन्याला तो मलाच घालायचा. बदलायचीही भीती.

बाहेर जाणारा चेंडू तो सुरेख टाकायचा. कप्तान सांगायचा, "एखादा आखूड टाक, अंगावर येऊ दे." विरूपाक्ष मान डोलवायचा. पण उडी मारायच्या आधी त्याचा पाय माझ्यात गार पडायचा, आणि चेंडू पुढंच पडायचा. फलंदाजांना ते कळलं. ते निर्धास्त पुढं सरसावून मारू लागले. शेवटी कारखान्यानं त्याला संघातून काढून गोदामात बसवलं. तो राजीनामा देऊन उदगीरला परतला.

तेवढ्यात लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याचा संघ उभा राहिला. पहिला सामना लातूरला, नांदेडविरुद्ध. विरूपाक्षला आग्रहानं बोलावलं. मधल्या फळीत कोण खेळायला यावं? हणमंतराव मास्तर. केस पिकलेले, डोक्यावर तसलीच टोपी.

विरूपाक्षनं चेंडू त्यांच्या अंगापासून लांब, हळू टाकायला सुरुवात केली. मास्तरांनी हात वर करून खेळ थांबवला आणि चालत त्याच्यापाशी आले.

"असं काय टाकून राहिलास?"

"हात उचलत न्हाई, सर."

मास्तरांनी उजवा कान पुढं केला. विरूपाक्षला परत सांगावं लागलं.

"मलाबी भ्याव वाटतं," मास्तर म्हणाले. "बॅट घेतली की दर वेळी. तरी आलो की न्हाई? तू मला असं वाचवत राहिलास, तर मी अजून तिथंच पडल्यावानी वाटतं. टाक."

विरूपाक्ष मागं गेला. माझ्यात त्याचा पाय गार पडला होता. तो पळत सुटला. मी जमिनीवर आदळलो, कातडं करकरलं. चेंडू आखूड पडून उसळला. मास्तरांनी नजर हलवली नाही. शेवटच्या क्षणी ते खाली बसले आणि चेंडू टोपीवरून गेला.

मास्तर उठले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. त्यांनी मान हलवली, पुढचा टाक म्हणून.

चहाच्या वेळी विरूपाक्ष तंबूमागं जाऊन ओकला. मास्तर मागोमाग गेले आणि त्याची पाठ चोळत राहिले.

त्यानंतर तो काही वर्षं लातूरकडून खेळला. आखूड चेंडू टाकायचा, आणि दर वेळी पाय गार पडायचा. भीती गेली नाही. ती घेऊनच तो पळायचा. मग गुडघ्यानं हात टेकले.

आता मी माळ्यावर आहे. परवा त्याची बायको रुद्राणी मला टाकून द्यायला निघाली. "राहू दे," विरूपाक्ष म्हणाला. त्यानं मला मांडीवर घेऊन पुसलं, पाय घालून बघितला. सुजलेला पाय अर्धाच आत गेला.

कातडं तडकलंय, खिळे गंजलेत. माझं फार मागणं नाही. मला कुठं ठेवायचं तिथं ठेवा. फक्त कुणा पोराला मला दाखवून, विरूपाक्ष कुणाला भ्याला नाही, असं सांगू नका. तो भ्याला होता. त्याचा पाय माझ्यात होता.