हिरव्या कापडातला पाट

"माझा खांदा मोकळा झाला!" ऋतिका माईकवर ओरडली आणि पॅकिंग विभागात अशा टाळ्या पडल्या की पत्र्याखालची कबुतरं उडाली. एका बाईने तर पायाखालच्या पाटाला हळदकुंकू वाहिलं. पांढऱ्या कुर्त्यातले प्रल्हादगुरुजी डोळे मिटून मंद मंद हसत होते.

वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना आहे. मी विलास, तिथे माल तपासतो. पॅकिंगच्या बायका दिवसभर टेबलापाशी उभ्या. कुणाचा खांदा दुखे, कुणाची मान, कुणाची कंबर. व्यवस्थापक हर्षवर्धन साहेबांनी 'वेदनामुक्त कामगार' नावाचा उपक्रम काढला. चांगलीच गोष्ट. पण बोलावलं कुणाला, तर ऊर्जातज्ज्ञाला!

गुरुजींनी प्रत्येकीला हिरव्या कापडात शिवलेला जाड पाट दिला. "ह्याच्यावर उभं राहून काम करायचं. पृथ्वीचं कंपन पायातून नाभीत, नाभीतून खांद्यात, आणि तिथून वेदना बाहेर! शुद्ध क्वांटम आहे हे." साहेब जोरजोरात मान डोलवत होते, म्हणजे त्यांनाही काही कळलं नव्हतं.

"यंत्र पाटाच्या खालच्या अंगाला कोरलंय," गुरुजी पुढे म्हणाले, "देवाच्या वस्तूला पाय लागायला नको. पाट उलटायचा नाही, कापड उसवायचं नाही." हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. आपल्याकडे चुकून पुस्तकाला पाय लागला तरी हात कपाळाकडे जातो. बायका चपला काढून, नमस्कार करून पाटावर चढू लागल्या.

आणि गंमत अशी, की गुण आला! ऋतिका खोटं बोलत नव्हती. तिच्यासारख्या बऱ्याच जणींचे खांदे खरंच हलके झाले.

बिघडलं ते ग्रेसीचं. ग्रेसी नंदाखाल गावची, पॅकिंगच्या लाइनमधली सगळ्यांत उंच बाई. पाटावर उभी राहायला लागल्यापासून तिची कंबर धरली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गुडघे टेकले की उठताना बाकाचा आधार घ्यावा लागे. तिने धीर करून गुरुजींना सांगितलं.

"शंका तुमच्या मनात आहे, ताई," गुरुजी म्हणाले. "आणि लक्षात ठेवा, ही सगळी लाइन एक साखळी आहे. एक जरी पाटावरून उतरली, तरी सगळ्यांचं दुखणं परत येईल."

संपलं. आता ग्रेसीवर पहारा ठेवायला मुकादमाची गरजच उरली नाही. ऋतिका हात जोडून म्हणाली, "ग्रेसीताई, प्लीज उतरू नकोस ना. किती दिवसांनी पोरीची वेणी घालता येतेय मला." पुढच्या सभेत सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या, तेव्हा ग्रेसीही माईकवर "बरं वाटतंय" म्हणून मोकळी झाली. मग उपचारासाठी रजा मागायला गेली, तर साहेब म्हणाले, "तुम्हीच सगळ्यांसमोर बरं वाटतंय म्हणालात ना? मग रजा कसली?"

संध्याकाळी गेटपाशी तिला रडू आवरेना. "विलास, उतरले तर ह्या मला माफ करायच्या नाहीत. उभी राहिले तर कंबर जाते. मी उभं तरी कुठे राहायचं, सांग ना!"

मला भयंकर संताप आला. कारखान्यात तपासणीला येणाऱ्या बोळिंजच्या डॉक्टर उन्नतींना मी गाठलं. त्यांनी ग्रेसीची कंबर तपासली, मग लाइनपाशी उभं राहून बायकांचं काम न्याहाळलं.

"विलास, गुरुजींचा देव उंच बायकांवरच का रागावलाय?"

मी लाइनकडे नीट पाहिलं. टेबल सगळ्यांना एकच. ऋतिकासारख्या ठेंगण्या बायकांना ते उंच पडे, दिवसभर खांदे उचलून काम. पाटाने त्या वर आल्या, खांदे खाली आले. ग्रेसी मात्र पाटावर चढल्यामुळे कमरेत वाकू लागली होती.

"साहेबांना सांगून झालं," डॉक्टर म्हणाल्या. "ते म्हणतात, विज्ञानही असू द्या, श्रद्धाही असू द्या. आता दाखवावंच लागेल."

नंदाखालच्या एरॉल सुताराकडून आम्ही तेवढ्याच उंचीचे पाट करून घेतले, हिरव्या कापडासकट. रविवारी कारखाना बंद असताना मी ते बदलले. पाट उलटायची मनाई होती, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही.

शनिवारी गुरुजी सत्काराला आले. डॉक्टरांनी विचारलं, "ऋतिका, खांदा कसा आहे?"

"एकदम मस्त, मॅडम."

"गुरुजी, हिच्या पाटात कंपन आहे ना?"

गुरुजींनी पाटावर तळहात टेकवला. "प्रचंड! मुंग्या येतायत हाताला."

डॉक्टरांनी पॅकिंगच्या कटरने कापड फाडलं आणि पाट उलटा केला. केळ्यांच्या जुन्या खोक्याच्या फळ्या! वाडीवाल्याचं नाव तसंच रंगवलेलं.

"सोमवारपासून सगळी लाइन ह्यांच्यावर उभी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची साखळी तेव्हाच तुटली. कुणाचं दुखणं परत आलं?"

मी गुरुजींचा मूळ पाट आणून त्याचंही कापड फाडलं. खाली यंत्रबिंत्र काही नाही, कोरं प्लायवूड.

"माझ्या नुसत्या अस्तित्वानेसुद्धा..." गुरुजी सुरू झाले, पण ग्रेसी पाटावरून खाली उतरली आणि सगळ्या ऋतिकाकडे वळल्या. ऋतिकाने हात हळूहळू वर नेला, पार डोक्यावर. काहीही दुखलं नाही.

ग्रेसीने माईक घेतला. "मी खोटं बोलले होते. माझी कंबर दुखते."

मागच्या टेबलावरची उंच हेलन म्हणाली, "माझी पण. मला वाटलं, माझ्यातच खोट आहे."

गुरुजींची खरी करामत पाटात नव्हती, टाळ्यांत होती. टाळ्यांच्या आवाजात प्रत्येकीला वाटायचं, दुखतंय ते फक्त आपल्याला. आता आमच्याकडे ठेंगण्यांना पाट आहेत आणि उंच बायकांची टेबलं वर घेतली आहेत. ग्रेसी उपचार घेतेय. ह्यात कुठलंही क्वांटम नाही.

पण परवा कळलं, शेजारच्या कारखान्याने गुरुजींना बोलावलंय. तिथेही एखादी उंच बाई असेलच, मैत्रिणींच्या भीतीने दात आवळून उभी. गुण आला तर तो कशाने आला, हे विचारायला हवं, आणि नाही आला तर स्वतःला दोष देऊ नये, एवढंच तिला सांगायचंय. बाई, खाली उतर, आणि पाट उलटून बघ.