माझ्या दाराचा पत्रा

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि आज मला एका गुन्ह्याची कबुली द्यायची आहे.

तीस वर्षांपूर्वी मी नवी कोरी होते, तेव्हा माझा निळा रंग बघायला गल्लीतली माणसे जमत. आधी मी बाजारच्या बायका आणि त्यांची डुकराची पिल्ले वाहिली. मग पाक नेंगांनी (पाक म्हणजे आपल्याकडचे 'काका') मला घेतले, गाद्या बदलल्या आणि पाहुण्यांना बाली बेट दाखवायच्या कामाला लावले. लोखंडाच्या पूजेच्या सणाला ते मला धुऊन माझ्या नाकावर फुले आणि भात ठेवतात. त्या दिवशी मी जरा फुगतेच. पण सण संपला की मला विचारतो कोण? पुढच्या डाव्या दाराचा पत्रा फाटून बाहेर आला होता. "उद्या ठोकून घेतो," असे पाक नेंगा तीन महिने म्हणत होते.

त्या दिवशी माझ्यात मारित बसली होती. नॉर्वेहून आलेली, एकटीच फिरणारी मुलगी. त्याच दिवशी पाक नेंगांच्या नातीला एकशेपाच दिवस पूर्ण होत होते. तोवर तिचे पाय जमिनीला लागू दिले नव्हते. सूर्य मावळायच्या आत ती पहिल्यांदा मातीवर पाय ठेवणार होती. त्या पूजेला डोंगरावरच्या देवळाचे तीर्थ हवे होते. मारितला देऊळ बघायचे होते, म्हणून पाक नेंगांनी दोन्ही कामे एका फेरीत बसवली आणि तिला संध्याकाळच्या कार्याचे आमंत्रणही देऊन टाकले. ती सकाळपासून हवेत होती.

देवळाच्या दारातली पाटी त्यांनी तिला समजावून सांगितली. "अंगातून रक्त येत असेल तर आत जायचं नाही. साधी जखम असली तरी नाही. आमच्यात ते चालत नाही."

"मी धडधाकट आहे," मारित हसून म्हणाली.

परत निघताना तिने माझे दार ओढले आणि माझ्या त्या पत्र्याने तिचा तळवा चिरला. तिने चटकन रुमाल गुंडाळला. पाक नेंगा तेव्हा पलीकडून तीर्थाची बांबूची नळी घेऊन येत होते, पांढऱ्या-पिवळ्या कापडात बांधलेली. रक्त अजून रुमालाबाहेर आले नव्हते, त्यामुळे त्यांना काहीच कळले नाही.

"रस्ता फार खराब आहे. जरा उंच धरा, दोन्ही हातांनी," म्हणत त्यांनी नळी तिच्या हातात दिली. केवढ्या विश्वासाने दिली! तिने ती घेतली. नाही कसे म्हणावे, हे तिला त्या क्षणी सुचले नसावे.

आम्ही उतार उतरू लागलो. रुमाल हळूहळू लाल होत होता. पाक नेंगा नातीच्या गमती सांगत होते आणि मारित हूं हूं करत होती. मला सगळे दिसत होते, पण माझ्याकडे बोलायला हॉर्नशिवाय काय आहे? आणि तोही माझ्या हातात नाही. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळले नसते. संध्याकाळचे कार्य, पाळणा, बाळ, सगळे तिला बघायला मिळाले असते. रुमालाखालून एक थेंब त्या पांढऱ्या कापडाच्या कडेला लागला.

"पाक नेंगा, गाडी थांबवा."

"काय झालं? मळमळतंय का?"

"माझ्या हातातून रक्त येतंय. मघापासून. मी सांगायला हवं होतं."

त्यांनी मला बाजूला घेतले. त्यांना तो थेंब दिसला. "कशानं लागलं?"

"दारानं."

"म्हणजे माझ्यामुळे," ते म्हणाले. तिच्यावर चिडले नाहीत, हेच मला जास्त लागले. त्यांनी आधी तिच्या हाताला नीट पट्टी बांधली, मग नवे तीर्थ आणायला मला परत देवळाकडे वळवले.

तो चढ मी एका दिवसात दोनदा कधीच चढले नव्हते. निम्म्यावरच माझे पाणी उकळू लागले. काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. "दम धर गं बाई," पाक नेंगा पुटपुटले, "आज नको." मी कशी चढले ते माझे मला ठाऊक. त्यांनी नवे तीर्थ घेतले आणि आपल्या कमरेच्या शेल्याने पुढच्या आसनाच्या पाठीला उंच बांधले. मारित कुणी न सांगताच मागे जाऊन बसली.

घरी पोचलो तेव्हा सूर्य माडांना टेकला होता. दारात त्यांची बायको, सारिनी, उभी होती.

"वाटेत झोप काढली का? पुजारीबुवा तीनदा जायला उठले आणि परत बसले!"

"दार ठोकून घेतलं नाही, त्याचं हे फळ. नंतर सांगतो," म्हणत ते धावत आत गेले.

मारित माझ्यातच बसून राहिली. आतून घंटा वाजली, मंत्र ऐकू आले, मग बाळाचे रडणे आणि सगळ्यांचे हसणे. पाय टेकले होते. मारितही हसली आणि लगेच तिने डोळे पुसले.

थोड्या वेळाने सारिनी बाळाला घेऊन बाहेर आली.

"यांनी सांगितलं मला. गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं गं?"

"मला कळलं असतं," मारित म्हणाली.

सारिनीने माझे दार उघडले. "तुला आत येता येत नाही. पण हिला बाहेर आणायला कुणाची बंदी आहे?" असे म्हणून तिने बाळाचे मातीने माखलेले पाय मारितच्या बऱ्या हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी चहाच्याही आधी पाक नेंगा हातोडी घेऊन आले. घाव बसत होते आणि मला बरे वाटत होते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंकडे अधूनमधून बघत जा. आम्हाला आमचे दुखणे सांगता येत नाही. ते शेवटी कुणाच्या तरी हाताला लागते.