गजर आणि बटण यांच्या मधली जागा

सकाळी सव्वानऊला आईचा फोन आला.

"अरे, तुमचं ते गोळ्यांचं ॲप तिसऱ्यांदा वाजतंय. दोन घेऊन झाल्या. तिसरी घेऊ?"

"घेऊ नकोस! रक्तदाब पाताळात जाईल. आडवी हो."

"तूच म्हणालास, डोक्यापेक्षा फोनवर विश्वास ठेव."

म्हणालो होतो. आमच्या ॲपमध्ये गोळीचा गजर दर दहा मिनिटांनी वाजतो. 'घेतली' हे बटण दाबलं की गप्प बसतो. म्हणजे सोमवारपर्यंत बसायचा. सोमवारी साहेबांनी कामाला वेग यावा म्हणून एका टीमच्या तीन केल्या: गजर, बटण आणि तक्रार. तक्रार म्हणजे मी एकटा.

गजरवाली ताई आणि बटण्या पाठीला पाठ लावून बसतात. खुर्ची सरकवली की धडकतात.

"माझा गजर उत्तम वाजतो," ताई म्हणाली.

"माझं बटण उत्तम दाबलं जातं," बटण्या म्हणाला.

"पण दाबलेलं गजराला कळत नाही! मधलं काम कुणाचं?"

मी विचारलं. आधी ते काम बोलता बोलता होऊन जायचं.

"त्या कामाचं लेखी तिकीट टाकलंय त्याला," ताई म्हणाली. "उत्तराची मुदत दोन दिवस."

"वाचलं," बटण्या भिंतीला म्हणाला. "अक्षर छान आहे."

माझ्या पडद्यावर सातशे तक्रारी झाल्या होत्या. सातशे माणसं, सगळी आईसारखी आज्ञाधारक.

पुन्हा आई. "शेजारच्या काकूंनी तीन घेतल्या रे. भोवळ येतेय त्यांना."

मी फोन स्पीकरवर टाकून दोन खुर्च्यांच्या मधे धरला.

"कोण आहे तिथं? भांडलेत का?"

"नाही आई, पाठमोरे बसतात. तशी रचना आहे."

"रचना गेली खड्ड्यात! तोंडं वळवा इकडे!"

खुर्च्या वळल्या, धडकल्या. चार मिनिटांत गजर थांबला. काकू उठून बसल्या.

साहेब खूश. बाराला त्यांनी भिंतीवर नवा तक्ता लावला. गजर आणि बटण यांच्या मधे एक चौकोन: 'आई'. खाली नियम: दोन टीमना बोलायचं असल्यास हिच्यामार्फतच.

दोन वाजून पाच मिनिटांनी नवी तक्रार आली. आता गजर वाजतच नाही. कुणाचाच.

ताई आणि बटण्या पाठमोरे बसून माझी वाट बघताहेत. मी आईला फोन लावलाय. नुसतीच रिंग जातेय. सकाळची जास्तीची गोळी पोटात घेऊन ती आडवी झालीय, आणि दुपारी तिला जाग येते ती फक्त दोनच्या गोळीच्या गजराने.