बोटभर अलीकडे

"ही तुमची रेघ, सूनबाई. आणि ही माझी." सासऱ्यांनी नळीच्या काचेच्या खिडकीवर मेणाच्या खडूनं दोन रेघा ओढल्या. त्यांची माझ्या रेघेच्या बोटभर अलीकडे होती. "आता बोला. खरी हवा कुणाची, तुमच्या गणितातली की माझ्या नळीतली?"

"माझी," मी म्हणाले.

"हे घरी बोलू नका. जेवायला मिळायचं नाही."

सासरे आमच्या संस्थेतला हवेचा बोगदा चालवतात. टाकीत दाबून भरलेली हवा अरुंद नळीतून सोडायची. ती आवाजापेक्षा वेगानं पळते आणि एका जागी एकाएकी मंदावते. खिडकीतून ती जागा काळ्या रेघेसारखी दिसते, तिला आम्ही शॉक म्हणतो. मी वरच्या मजल्यावर तीच हवा संगणकावर पळवते. नळीच्या पोकळीत बारीक जाळी विणायची आणि तिच्या घराघरातला दाब, वेग, घुसळण मोजत पुढं जायचं. मी आधी या संस्थेत आले आणि मग त्यांच्या घरात, त्यामुळे आमचं भांडण लग्नाच्याही आधीचं आहे. नवरा त्यात पडत नाही. पडला की दोन्हीकडून बोलणी खातो.

पण यंदा भांडणाची गंमत राहिली नव्हती. साहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं, एकच काम दोन ठिकाणी करणं परवडत नाही. दोन्ही रेघा जुळल्या तर गणितावर भागेल, बोगदा बंद होईल. नाही जुळल्या तर माझा विभाग गुंडाळायचा. म्हणजे आमच्या घरातलं कुणीतरी एक हरणार हे ठरलेलंच.

माझ्या शेजारी बसणाऱ्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण न मागता औषध सांगायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, "अगं, घुसळणीच्या सूत्रातला एक आकडा जरा पिळ. रेघ येईल सरकून."

"आणि पुढच्या नळीला? पुन्हा पिळू?"

"तुझा विभाग वाचतोय ना?"

मी ऐकलं नाही. जाळी दुप्पट बारीक केली, भिंतीलगतची हवा नव्यानं मोजली. रेघ जागची हलली नाही. माझं गणित कधी चुकत नाही असं नाही, पण चुकलं की मला आधी वास येतो. या वेळी वास नव्हता.

त्या संध्याकाळी सासरे घरी चष्मा पुसत बसले होते. सासूबाई आतून आल्या. "अहो, माझा गुलाबी रुमाल कशाला घेतलात? निळा घ्या म्हटलं ना!"

"निळाच आहे की हा."

"हा निळा? डोळे दाखवून या म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय मी, पण ऐकाल तर शप्पथ!"

मी हसले. सासरे हसले नाहीत. रुमाल खिडकीशी नेऊन ते उलटसुलट करून पाहत राहिले. त्या रात्री माझ्या रेघेवर एकही टोमणा न मारता ते जेवले.

सकाळी त्यांनी मला खाली बोगद्याशी बोलावलं. नळीत जाण्याआधी हवा कोरडी व्हावी म्हणून ती ओल शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेल्या एका भांड्यातून जाते. दाणे कोरडे असले की निळे दिसतात, ओल धरली की गुलाबी. रोज दाणे पाहायचे आणि मगच हवा सोडायची, हा त्यांचा नेम. जोडीदार निवृत्त झाल्यापासून पाहणारे ते एकटेच होते.

"रंग सांगा," ते म्हणाले.

मी भांड्याच्या काचेतून पाहिलं. "गुलाबी आहेत, बाबा. सगळे."

"मला मातकट दिसतात. मी निळे धरून चाललो होतो."

पुढचं सांगायची गरज नव्हती. ओली हवा नळीत गार पडते, धुकं धरते, त्यातून उष्णता सुटते आणि शॉक अलीकडे सरकतो. माझं गणित कोरड्या हवेचं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि लगेच बोगदा आठवला.

"दाणे भट्टीत घालतो," ते म्हणाले. "वाळले की पुन्हा हवा सोडू."

"बाबा, रेघा जुळल्या तर..."

"ठाऊक आहे मला."

"साहेबांना थोडं थांबून सांगितलं तर?"

"म्हणजे ओल्या हवेवर बोगदा वाचवू?" त्यांचा आवाज चढला. "तुम्ही एक आकडा पिळला नाहीत. डॉक्टरनं सांगितलंय मला. आणि मी हे करू?"

दुपारी कोरडी हवा सुटली. काळी रेघ आली आणि थेट माझ्या खडूच्या रेघेवर उभी राहिली. साहेबांकडे ते स्वतः गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. बोगदा महिनाअखेर बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी मी खाली गेले. ते एकेक पाना पुसून पेटीत ठेवत होते.

"बाबा, मला तुमची ओली हवा हवीय."

"थट्टा करताय?"

"बाहेरची हवा कुठं कोरडी असते? मी आता गणितात ओल घेतलीय. ते बरोबर आहे का, हे तुमच्या नळीशिवाय मला कोण सांगणार?"

"म्हणजे चुकलेलं पुन्हा मुद्दाम करायचं?"

"हो. पण या वेळी नीट मोजून."

ते मोठ्यानं हसले. किती दिवसांनी! "गणितवाल्यांना शेवटी माझ्याच दारात यावं लागलं. हे मात्र घरी सांगा."

पुन्हा ओल धरलेल्या गुलाबी दाण्यांचं भांडं त्यांनी स्वतः जोडलं. ओल किती, हे मापक लावून मला मोजायला लावलं. जुन्या चादरीच्या तुकड्यानं खिडकी लख्ख पुसली आणि झडप उघडली. हॉल दणाणला. काचेत काळी रेघ उभी राहिली. ते खडू घेऊन तयार होते, पण तो काचेला टेकवेनात.

"दिसत नाही का?" मी ओरडून विचारलं.

"दिसतेय की. पण आज तुम्ही सांगा."

"डावीकडे. आणखी. बोटभर अलीकडे घ्या. हां, तिथं!"

त्यांनी खडू टेकवला आणि वरपासून खालपर्यंत एका दमात सरळ रेघ ओढली.