सातव्या खोलीचं ताट

सुनेला पायरी कळत नाही, हे तुळजाबाईचं गाऱ्हाणं माणमध्ये निम्म्या गावाला पाठ झालं होतं. शेतं गेली, घरावर भाड्याच्या बारा खोल्या उठल्या, त्यांत कंपनीतली नाना मुलखांतली माणसं येऊन राहिली. आणि सून स्नेहल काय करते, तर कुणाला ताप आला की काढा ने, कुणाचा डबा चुकला की भाजी ने.

"अकरा महिन्यांचा करार असतोय त्यांचा," तुळजाबाई म्हणायची. "बाराव्याला बोचकं उचलून जात्यात. आपल्या भावकीला कधी विचारलंस गं एवढं?"

स्नेहल "व्हय आत्या" म्हणायची आणि पुन्हा तेच करायची.

परवा तर तिनं कळसच केला. वर सात नंबरच्या खोलीत रामसूरत नावाचा बिहारचा वॉचमन राहतो. त्याची आई गावी वारली. रेल्वेचं तिकीट मिळेना, तिकडं भावानं अग्नी दिला. हे कळल्यावर स्नेहल पिठलं ढवळायला बसली.

"मयताच्या घरी कडू घास भावकीनं द्यायचा असतो," तुळजाबाई कडाडली. "ह्यो तुझ्या म्हायेरचा हाय का?"

"त्याची भावकी दोन दिसांच्या वाटंवर हाय आत्या. चूल पेटली नसंल त्याची."

पिठलं-भाकरीचं ताट वर गेलं. आणि सकाळी खोलीच्या उंबऱ्याबाहेर जसंच्या तसं दिसलं. मुंग्या लागलेलं.

पन्नास वर्षांत ह्या घरची भाकरी कुणी परत धाडली नव्हती. गल्लीत आजच बोभाटा होणार. सुनेला नंतर बघू, आधी त्या वॉचमनला, म्हणून तुळजाबाई गुडघे धरत लोखंडी जिना चढली. खोल्या बांधल्यापासून चार वर्षांत ती वर गेली नव्हती.

रामसूरत चटईवर भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. तिला बघून धडपडत उठला.

"हमारा भाकरी कायको नहीं खाया? इख है क्या उसमें?"

"नहीं माताजी," तो हात जोडून म्हणाला. "पीला है ना. हमारे यहाँ तेरह दिन हल्दी नहीं चलता. नमक भी नहीं. अपने हाथ से चावल पकाना पड़ता है."

"तो बोलने का ना! मुंडी खाली घालके क्या बैठा?"

"दीदी रखके चली गई. मना कैसे करते?"

"फिर कल से क्या खाया?"

"एक केला. गैस खतम है."

तुळजाबाईनं कोपऱ्यातल्या गार शेगडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तोंडाशी आणलेल्या शिव्या गिळल्या आणि कठड्यावरून खाली हाक मारली. इंद्रायणीचे तांदूळ, कोरं पातेलं, लाईटवरची शेगडी, दूध, सगळं जिन्यापर्यंत मागवलं. तांदूळ त्यानं शिजवले. ती उंबऱ्यात बसून पाणी जास्त झालं, वाफ दवडली, म्हणून त्याच्यावर खेकसत राहिली. खेकसता खेकसता त्याची आई कशी होती ते विचारलं. तो अर्धा भोजपुरीत सांगत होता. तिला निम्मंच समजलं, पण ती उठली नाही. त्यानं भात खाल्ला आणि तोंड फिरवून रडला. तिनं रडू दिलं.

खाली आली तेव्हा दुपार कलली होती. रोज चतकोर टाकून उठणारी ती बाई दीड भाकरी जेवली. हात धुतले आणि मग सुनेला समोर बसवलं.

"दारात ताट ठेवून पळालीस. खातोय का न्हाई, चालतंय का न्हाई, एक शब्द इचारला न्हाईस."

"एकट्या पुरुषाच्या खोलीत कशी थांबू, आत्या? तुमीच बोलला असता."

"बोलले असते. चांगलं दोन तास बोलले असते." तुळजाबाईनं पदर सावरला. "मग मला न्यायचं व्हतंस. म्हातारीला उंबऱ्यात बसल्यावर कोन नावं ठेवनार हाय? दिलंस ते ब्येस केलंस, पर बिनइचारता दिलंस, ते वाया गेलं. आता बारा दिस वर मी जानार. तू खाली दूध तापवायचं, अन् मधी तोंड घालायचं न्हाई."