पडायची कॅसेट

नाथाच्या हातून कप सुटला, फरशीवर आपटून त्याचे तुकडे झाले आणि खोलीत हशा उसळला. पडद्यावरच्या काळ्या कोटातल्या उंच इंग्रज जादूगाराच्या हातूनही नेमकी तेव्हाच काचेची बरणी निसटली होती. काय टायमिंग आहे, म्हणत नाथाच्या कारखान्यातल्या तरुण बाळने मांडीवर थाप मारली. नाथाची बायको विठा हसत हसतच केरसुणी आणायला उठली.

बदलापुरात कात्रपला कुमुदिनीच्या घरी रविवारी दुपारी हा दरबार भरे. इंग्लंडमधल्या इस्पितळात अर्धी हयात नर्सची नोकरी करून कुमुदिनी सत्त्याऐंशी साली बदलापूरला परतली, ती व्हीसीआर आणि तिकडच्या टीव्हीवरून भरून घेतलेल्या कॅसेटींचं खोकं घेऊनच. तिकडे वॉर्डात तिचं नाव कुणाला धड उच्चारता आलं नाही. पण शनिवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या हॉलमध्ये हीटरभोवती सगळ्याजणी जमत, हा फजितीबहाद्दर पडद्यावर येई, आणि आयर्लंडची, जमैकाची, बदलापूरची, सगळ्या एकदमच हसत सुटत. तेवढ्यापुरती ती परकी नसे. ते हसू तिने इथे आणलं, आणि ते सर्वांत जास्त लागलं वरच्या मजल्यावरच्या नाथाला.

नाथा अंबरनाथला पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. इंग्रजीचा गंध नव्हता, पण पडायला भाषा लागत नाही. वस्तू पाडण्याचे प्रसंग तो पुन्हा पुन्हा लावायला सांगे आणि न हसता बघत राही. जयंतीच्या कार्यक्रमात त्याने नक्कल केली तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे कारखान्यातही त्याच्या हातून पाने-हातोड्या पडू लागल्या आणि सुपरवायझरसुद्धा त्याला जादूगार म्हणू लागला. आपण एक कलावंत घडवला, असं कुमुदिनीला वाटे.

कपाचे तुकडे गोळा होतात न होतात तोच वीज गेली. मंडळी वाऱ्याला गॅलरीत गेली. कुमुदिनी चहाचं आधण ठेवून बाहेर आली, तर नाथा एकटाच वाकून फरशीवरचा चमचा उचलत होता. चमचा बोटांतून निसटला. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. बघायला कुणी नव्हतं. मग त्याने उजव्या हाताने डाव्याची बोटं एकेक करून चमच्याभोवती मिटवली. तिची चाहूल लागताच त्याने डोळे वटारून जादूगाराचं तोंड केलं.

ती हसली नाही. तिने त्याचा डावा हात उजेडात धरला. अंगठ्याखालचा उंचवटा वाळून तिथे खळगा पडला होता. मनगटाच्या वर, कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं. असे हात तिने वॉर्डात पाहिले होते. त्या माणसांचं पुढे काय झालं, तेही.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“विठाला ठाऊक आहे?”

“हसते ती. हसू दे, ताई.”

ती हलक्या आवाजात समजावत राहिली. मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं, कारखान्यात सांगायला हवं. नाथा नकारार्थी मान हलवत होता. सांगितलं तर उद्याच गेटबाहेर काढतील, म्हणाला. प्रेस वर रोखून धरणारा दांडा त्याच्या हातात असतो आणि पत्रा सरकवायला बाळ त्याखाली हात घालतो, हेही त्यानेच सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही.

“तीच कॅसेट लावा परत,” तो म्हणाला. “हातातलं सुटलं की तो दुसऱ्या हाताने कसं झाकतो, ते मला अजून जमत नाही.”

वीज आली. मंडळी परतून बसली, आणि सवयीने तिने कॅसेट सुरू केली. या वेळी नाथाच्या हातून बशी गेली. बाळ हसून हसून आडवा व्हायच्या बेतात होता. ती त्याच्याशेजारी टेकली.

“उद्या कुठली पाळी रे?”

“पहिली,” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “नाथाभाऊ आहेत ना जोडीला. मजेत जातो दिवस.”

कुमुदिनीने उठून टीव्ही बंद केला. सगळे अजून हसतच होते.

“बाळ,” ती म्हणाली, आणि एकट्या नाथाने मान खाली घातली.