ढगांखालचे ठिपके

तिने पडद्यावरच्या एका लाल ठिपक्यावर बाण नेला आणि तो पुसून टाकला. तो पत्र्यांचा कारखाना होता. दुपारच्या उन्हात त्याचं छप्पर असं तापायचं, की वरून जाणाऱ्या उपग्रहाला तिथे आग लागल्यासारखंच वाटायचं. शेजारचा ठिपका वीटभट्टीचा, तोही पुसला. नदीपलीकडच्या दलदलीच्या पट्ट्यातले ठिपके मात्र तिने राहू दिले. ते खरे होते.

"बाई, खाली कुणी भेटायला आलंय," शिपाई दारातून म्हणाला. "शाळेतले सर आहेत. धुराचं पत्रक कोण लिहितं, त्यांनाच भेटायचं म्हणतात."

"कुठल्या शाळेतले?"

"तेच हो. ती मुलगी पडली ना, त्या."

तिचा हात माउसवर तसाच राहिला. आज ना उद्या कुणीतरी जिना चढून येणार, हे तिला ठाऊक होतं. फक्त वकील येईल, पत्रकार येईल, अशी तिने मनाची तयारी करून ठेवली होती. सर येतील असं काही वाटलं नव्हतं.

"साहेबांना सांगा ना."

"साहेबांनीच तुमच्याकडे पाठवायला सांगितलंय."

साहेब असल्या बाबतीत फार उदार होते. आलेला पाहुणा ते कधी स्वतःकडे ठेवून घेत नसत.

या कचेरीचं काम सांगायला सोपं होतं. आजूबाजूच्या सगळ्या मुलखात कुठे जमीन पेटली आहे ते बघायचं, वारा कुठे चालला आहे ते बघायचं, आणि धूर कुणाच्या नाकात जाणार ते रोज सकाळी पत्रक काढून सांगायचं. रान साफ करायला लोक आग लावत. ती वर विझली तरी दलदलीत खालच्या जुन्या मुळांमधून आठवडेच्या आठवडे धुमसत राही. शाळा, दवाखाने, बांधकामावरचे मुकादम, सगळे हे पत्रक बघून दिवस ठरवत. म्हाताऱ्यांना फिरायला सोडायचं की नाही, हेसुद्धा घराघरांतून त्यावर ठरे.

पत्रकात एक वाक्य असायचं. ढग आले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, म्हणून आकड्यांच्या खाली लिहायचं: ढगांमुळे काही आगी दिसू शकलेल्या नाहीत. साहेबांचा या वाक्यावर भारी राग. "अहो, आपल्याला दिसत नाही हे लोकांना कशाला सांगायचं?" ते म्हणत. "आपल्याला दिसतं म्हणून तर ते आपल्याला विचारतात!" ते वाक्य छापलं, की दिवसभर फोन खणखणत आणि साहेबांचा चहा निवून जाई. मग हळूहळू रीतच पडली. वारा शहराकडून पलीकडे जात असला, की वाक्य गाळायचं. तिनेही ते इतक्यांदा गाळलं होतं, की आता गाळताना बोट अडखळतही नसे.

त्या शाळेच्या धावण्याच्या स्पर्धा होत्या, त्या दिवशी सकाळी पडद्यावर ठिपके जवळजवळ नव्हतेच. आदल्या दिवशी गोवर उठल्यासारखा लाल झालेला पट्टा एका रात्रीत स्वच्छ झाला होता. वर ढग होते, जाड, दलदलीपासून डोंगरापर्यंत. पाऊस मात्र टिपूसभरही पडला नव्हता. पाऊस नाही म्हणजे आग विझलेली नाही, वर नुसतं झाकण बसलंय, हे तिला न कळायला ती काही काल नोकरीला लागली नव्हती. वारा पलीकडे वाहत होता. वाऱ्याच्या अंदाजांपैकी एक तेवढा म्हणत होता, की दुपारपर्यंत तो फिरेल. बाकीचे म्हणत होते, फिरणार नाही.

तिने लिहिलं, आगींची संख्या लक्षणीय घटली असून शहरातील हवा दिवसभर समाधानकारक राहील. पाठवून दिलं. आणि मग मोबाइल घेऊन ती जिन्यात गेली आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

"आज भोंग्याला शाळेत पाठवू नकोस."

"अगं, आज त्याच्या स्पर्धा आहेत! घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे."

"का पण? पत्रकात तर…"

"मी सांगते ना. खिडक्याही लावून घे."

भोंगा म्हणजे तिचा भाचा. जन्मला तेव्हा सगळं प्रसूतिगृह जागं ठेवलं, म्हणून हे नाव पडलं, आणि त्याने ते पुढेही इमानाने चालवलं. धावण्यात पटाईत होता. त्या दिवशी दुपारपर्यंत दार आतून लावून रडत बसला होता.

दुपारी वारा फिरला. धुरात आधी डोंगर गेले, मग पाण्याची टाकी, मग समोरची इमारत. घसा खवखवायला लागला तेव्हा ती कचेरीच्या खिडकीशी उभी होती आणि एकच विचार तिच्या मनात आला, की भोंगा घरी आहे. त्या क्षणी तिला चक्क बरं वाटलं होतं. नंतर तिला सगळ्यात जास्त खुपत राहिलं ते हेच, ते बरं वाटणं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. शाळेतली एक मुलगी मैदानातच कोसळली होती. श्वास लागला, तो लागलाच. दवाखान्यात आहे, नळ्या लावल्यात. "तुझ्यामुळे आमचा वाचला गं," बहीण म्हणाली आणि मग आवाज खाली आणून पुढे बोलली, "तू काही काळजी करू नकोस. मी कुणापाशी बोलणार नाही. त्यालाही बजावलंय. मावशीच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हटलं, अक्षर काढायचं नाही."

तिने नको म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "जेवलास का विचार त्याला."

सर आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. बुटका, उन्हाने रापलेला माणूस. शर्टाला कडक इस्त्री होती. इतका इस्त्रीचा शर्ट त्यांच्या अंगवळणी नसावा, सारखे कॉलर सैल करत होते.

"मी भांडायला आलेलो नाही," ते म्हणाले. "तसं घरून बजावूनच पाठवलंय मला. एकच विचारायचंय. सोमवारी चौकशी आहे. पालकांचं म्हणणं, मला कळायला हवं होतं. तर त्या सकाळी हे कळण्यासारखं होतं का?"

तिने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. मीटिंगला निघाले होते, पण एवढं बोलून जाण्यापुरती सवड त्यांना होती. "सर, हवामान काय कुणाच्या हातात असतं का? उपग्रहाला दिसलं नाही, ते आम्हाला कुठून दिसणार? कुणालाच कळलं नसतं. खुशाल सांगा चौकशीत, आमचं नाव घेऊन सांगा." आणि गेले.

"मग ठीक आहे," सर म्हणाले. पण उठले नाहीत.

खरं तर तेवढ्यावर भागत होतं. कुणालाच कळलं नसतं, या एका वाक्याने सरांची नोकरी वाचत होती आणि तिचीही. तिने नुसती मान हलवायची होती. तिने हलवलीही, थोडीशी.

"मला वास आला होता," सर म्हणाले.

"कसला?"

"जळकट. ओली गोणी जाळल्यावर येतो ना, तसा. शिट्टी तोंडात होती माझ्या. एक क्षण थांबलो. मग म्हटलं, पत्रकात तर काही नाही. सकाळी मीच सगळ्या मुलांना वाचून दाखवलं होतं. तुमच्याकडे उपग्रह आहेत, माझ्याकडे हे," त्यांनी नाकाला बोट लावलं. "वाजवली शिट्टी."

ते हसले, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. तिला वाटलं, आता सांगावं. सर, तुमचं नाक बरोबर होतं. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं आलं असतं, ढग, गाळलेलं वाक्य, जिना, फोन. तिने पदराशी चाळा केला आणि विचारलं, "कशी आहे आता ती?"

"नळी काढली काल. बोलते. पण बोलताना मध्ये थांबते." सरांनी पाणी प्यायलं. "ती धावणारी नव्हतीच हो. लहानपणापासून दमा. राखीव म्हणून नाव घातलं होतं. तिची आईच म्हणाली, राहू दे नाव, गणवेश मिळतो, फोटोत उभी राहते, पोरीला बरं वाटतं. तिला धावायला लावायचं कधी माझ्या मनातही नव्हतं."

"मग?"

"रिलेतला शेवटचा मुलगा आलाच नाही. माझा सगळ्यात चांगला गडी. सकाळी त्याच्या आईचा फोन, पोट दुखतंय म्हणे. आता ऐनवेळी कुणाला घेणार? ही पुढे आली. सर, मी. काय आनंद झाला होता तिला! मी म्हटलं, हळू धाव, नंबर नाही आला तरी चालेल. पण बॅटन हातात आल्यावर कोण हळू धावतं?"

पत्रक चुकलं, पत्रकामुळे शाळेने मुलं मैदानात सोडली, इथपर्यंतचा दोष तिने केव्हाच स्वतःच्या पदरात घेतला होता. रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की ती तो पुन्हापुन्हा मोजून घेत असे. रिलेला चौघं लागतात, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. एक घरी ठेवला तर त्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहणार. तिने फोन केला नसता तर ती मुलगी फोटोपुरती उभी राहून, गणवेश घालून, तोंडाला रुमाल लावून घरी गेली असती.

"त्या पोराचं वेगळंच," सर पुढे बोलत होते. त्यांना बहुधा कुणीतरी ऐकणारं हवं होतं. "मला आता मैदानावर जायला मनाई आहे. साहित्याच्या खोलीत बसतो, चेंडूत हवा भरत. तर हा रोज मधल्या सुट्टीत येतो आणि दारात उभा राहतो. एरवी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता गप्प. परवा म्हणाला, सर, मी आलो असतो तर ती धावली नसती ना? मी म्हटलं, अरे वेड्या, पोट दुखणं काय आपल्या हातात असतं? तर तो रडायलाच लागला. भोकाड पसरून नाही हो, नुसतं पाणी गळत होतं डोळ्यांतून. काहीतरी सांगायला येतो तो. आणि न सांगताच जातो."

खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. पडद्यावर ती पुसायला बसली होती ते ठिपके तसेच होते. तिने मान वळवून पडदा बंद केला.

"त्याचं पोट दुखत नव्हतं, सर."

त्यांनी वर बघितलं.

"मी त्याची मावशी. त्या सकाळी मीच फोन केला होता, त्याला पाठवू नकोस म्हणून. पत्रक पाठवल्यावर."

सरांनी ग्लास उचलला. तो रिकामा होता, तो त्यांनी परत ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती."

"शंका," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, "शंका."

"ढगांखाली आगी असणार, हे कळत होतं मला. वारा फिरेल याची खात्री नव्हती. खात्री नसताना लोकांना घाबरवायचं नाही, असं आम्ही म्हणतो. बहिणीला घाबरवताना मी खात्री केली नाही."

त्यांनी चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. आता ते ओरडतील असं तिला वाटलं, आणि ओरडावं असंही वाटलं. चार शब्द कुणी तोंडावर सुनावले असते, तर तेवढंच ओझं उतरलं असतं. पण ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि कॉलरचं बटण उघडून टाकलं.

"मी सोमवारी येते," ती म्हणाली. "चौकशीत सगळं सांगते. हवं तर आत्ता लिहून देते. साहेबांना काय वाटायचं ते वाटो."

"ते बघू सोमवारचं सोमवारी." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आधी शाळेत चला. सुटायच्या आत पोचू. तुम्ही मला सगळं सांगितलंत, आता लपवायला नको, एवढं त्याला सांगा. नाहीतर उद्या मधल्या सुट्टीत पुन्हा तसाच येऊन उभा राहील तो दारात."

ती घाईने उठली. टेबलाखाली वाकून चपला शोधायला लागली, आणि सर दाराशी थांबून बघत राहिले. शेवटी त्यांनीच सांगितलं, की चपला तिच्या पायातच आहेत.